द्राक्षमळ्याचा जुना हौद एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या) पाण्यासाठी वापरता येईल का?

मळेकर_बी६०२
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नाशिकला मखमलाबाद रोडला, पूर्वीच्या द्राक्षमळ्यावर. ठिबकचा दगडी हौद बिल्डरने पाडला नाही, पार्किंगमागे तसाच आहे. २० बाय १५, खोली ८ फूट. एसटीपीची टाकी इवलीशी, रात्री ओव्हरफ्लो होऊन पाणी गटारात आणि सकाळी माळी पाइप धरतो तेव्हा टाकीत ठणठणाट. मग बोअर चालू करा! हौद भरून पाहिला तर चार-पाच दिवसांत तीनेक फूट उतरतो आणि तिथेच थांबतो. एका भिंतीला वरून उभी भेग आहे, बोट जाईल एवढी. वॉटरप्रूफिंगवाला आतून सरसकट एपॉक्सी मारा म्हणतो, आकडा ऐकून खजिनदार गप्पच. एका काकांचं म्हणणं, हौद सोडा, शेजारच्या कोरड्या विहिरीत सोडू पाणी. काय करावं?

निवृत्त_ओव्हरसियर
पाणी थांबतं त्याच्या खालचा हौद धड आहे, गळती वरच्या तीन फुटांत. मग आठ फूट भरायचा हट्ट कशाला? तळापासून पाच फुटांवर ओव्हरफ्लोचा पाइप बसवा. तरी ४२ हजार लिटर मावतं, बागेला रगड झालं.

भेगेचं मात्र आधी बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, भिंत तिच्याबरोबर हलते. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करा आणि पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, तिच्यावर एपॉक्सी मारलंत तर तेही फाटणार. आणि भर पावसात हौद रिकामा ठेवू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब तळ उचलतो.

प्लँटवाला_भाऊ
ओव्हरसियर साहेबांशी सहमत. फक्त हे पाणी साठवून ठेवायचं नसतं, फिरतं ठेवायचं. क्लोरीन उडून जातो, नायट्रोजन-फॉस्फरस असतोच, ऊन लागलं की शेवाळ. मध्ये भिंत घालून दोन कप्पे करा, एक धुताना दुसरा चालू. गाळ काढायला माणूस थेट उतरवू नका, आधी ब्लोअरने हवा खेळवा, वर दोघं उभे ठेवा. बोअरची लाइन जोडणार असाल तर तिचं तोंड पाण्याच्या वर, हवेत राहू द्या, नाहीतर एसटीपीचं पाणी उलटं बोअरच्या लाइनीत ओढलं जाईल.

गच्चीवरची_बाग
विहिरीत अजिबात नको हं! तिच्या झऱ्यांतून ते सगळ्यांच्या बोअरला जाईल. काकांना गोड शब्दांत सांगा.

मळेकर_बी६०२
पाच फुटांचं कुणालाच सुचलं नव्हतं, साहेब. काच उद्याच लावतो. मळ्याचं जुनं शेडनेट पडून आहे, झाकायला चालेल?

प्लँटवाला_भाऊ
शेडनेटने ऊन अडेल, डास नाही. वर पत्रे टाका, फटीला बारीक जाळी.