एसबीआरमध्ये फॉस्फरस उतरतच नाही, जिवाणूंकडूनच काढायचा आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळच्या एका गृहसंकुलाचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) मी चार वर्षं चालवतोय. एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत भरणं, हवा देणं, गाळ बसवणं, पाणी सोडणं अशी सायकल; रोज साधारण ४ लाख लिटर. बीओडी (सेंद्रिय घाण), टीएसएस (तरंगते कण) व्यवस्थित. अडलंय फॉस्फरसवर: येताना ६ मिग्रॅ/लिटर, जाताना ४. (किट फॉस्फेट दाखवतं, त्याला ३ ने भागलंय.) आमचं पाणी ओढ्यातून तळ्यात जातं आणि तिथली जलपर्णी बघवत नाही. मला १ च्या आत यायचंय. फेरिक क्लोराइड हे रसायन टाकून उतरेल, पण गाळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

हवा बंद असताना फॉस्फरस साठवणारे जिवाणू व्हीएफए (मैला आंबून होणारी आम्लं, हे त्यांचं खाद्य) आत घेतात आणि साठवलेलं फॉस्फेट पाण्यात सोडतात. हवा सुरू झाली की सोडल्यापेक्षा जास्त शोषतात. म्हणजे हवा सुरू व्हायच्या आधी टाकीत फॉस्फरस चढायला हवा. गेल्या आठवड्यात टाकी भरताना दर २० मिनिटांनी नमुना घेतला, गाळून तपासला. पाचही नळ्यांत किटचा फॉस्फेट दाखवणारा निळा रंग सारखाच. चढ नाहीच! त्याच पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन मात्र ९. आधीच्या सायकलचं उरलेलं नायट्रेट वापरून दुसरेच जिवाणू खाद्य फस्त करतात, असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

दुसरी शंका गाळाची. फॉस्फरस नायट्रोजनसारखा हवेत जात नाही, गाळाबरोबरच बाहेर पडतो. आमचा गाळ साठवण टाकीत हवेविना दोन-दोन दिवस पडून असतो आणि फिल्टर प्रेसचं पाणी परत इनलेटला येतं. ते पाणी तपासलं तर फॉस्फरस ३८! म्हणजे काढलेला फॉस्फरस आम्हीच पुन्हा आत घेतोय. गाळ रोजच्या रोज दाबला तर किती फरक पडेल?

ब्लोअर सायकलच्या मध्येच ४० मिनिटं बंद ठेवून नुसता मिक्सर चालवावा म्हणतोय, नायट्रेट उतरावं म्हणून. कुणी केलंय का? किती वेळ ठेवलात?

खाद्यासाठी एकाने गूळ सुचवला. पण साखरेवर ग्लायकोजन साठवणारे जिवाणू माजतात (ते खाद्य खातात, पण फॉस्फरस काढत नाहीत), आणि २० अंशांच्या वर तर त्यांचंच फावतं असं वाचलंय. आमचं पाणी उन्हाळ्यात ३० अंशांवर जातं. त्यापेक्षा येणारा मैलाच थोडा आंबवून व्हीएफए मिळवावं का?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रसायनाशिवाय ज्यांनी १ गाठलाय, त्यांनी सायकलच्या वेळा मिनिटांसकट द्याल का? माझ्या नोंदवहीतले सगळे आकडे मी इथे टाकायला तयार आहे.