जुन्या शाळेचं घर करताना माळा घालावा का?

कमानदार

खेड्यातल्या जुन्या शाळांची घरं झालेली पाहिली की मला एकच गोष्ट खटकते: माळा. इंग्लंड-वेल्समध्ये १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याच्या मागेपुढे बांधलेल्या अशा शाळा पुष्कळ. पट घसरला, शाळा बंद पडल्या, इमारती राहायला विकल्या गेल्या. बाहेरून सगळं जागच्या जागी. घंटेचा छोटा मनोरा, मुलगे आणि मुलींची वेगळी दारं, दारांवर दगडात कोरलेली अक्षरं. आत पाऊल टाकलं की तोंडाशी जिना आणि डोक्यावर तक्तपोशी.

या इमारतीत वास्तुकला म्हणून आहे काय? एक उंच खोली, बस. एवढी पोरं एका खोलीत कोंडायची, विजेचे दिवे नाहीत, म्हणून छत थेट कैच्यांपर्यंत, म्हणजे छपराला पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींपर्यंत, उघडं आणि खिडक्या उंच. खिडकी सुरूच व्हायची पोरांच्या डोक्यावर, बाहेर बघत बसायला नको म्हणून. त्याच उंचीमुळे उजेड खोलीच्या पार आतपर्यंत पोचायचा. आता तिच्या मधोमध माळा टाकला की वर जमिनीलगत नुसती कमान आणि खाली छताला चिकटलेलं अर्धं तावदान. रात्री दिवे लागल्यावर बाहेरून बघा, काचेआड आडवा काळा पट्टा दिसतो.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबद्दलची आंतरराष्ट्रीय सनद आहे ना, १९६४ ची व्हेनिस सनद, तिचं कलम ५ सांगतं की वास्तूचा समाजोपयोगी वापर इष्टच आहे, पण त्यापायी तिची मांडणी आणि सजावट बदलू नये. माळा म्हणजे मांडणी बदलणं नाही तर काय?

चुनखडी

असहमत. 'वापर इष्ट' हे त्याच कलमात आधी आलंय, ते तुम्ही घाईत ओलांडलंत.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. रिकाम्या इमारतीची सुरुवात पन्हळीपासून होते. पानं साचतात, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं. खालून तुळई धडधाकट दिसते. टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत जातो, आणि बाहेर येतो तो ओला भुसा. राहत्या घरात ओलीचा डाग दिसला की कोणीतरी शिडी लावतंच.

आणि थंडीत ती उंच खोली तापवून बघा. गरम हवा सगळी कैच्यांत जाऊन बसते. उंचीचं कौतुक करणारे तासाभरात निघून जातात, राहणाऱ्यांना रात्र काढायची असते.

कमानदार

रिकामी ठेवा असं मी कुठे म्हटलं? मास्तरांचं घर बऱ्याच शाळांना जोडूनच असायचं. निजायच्या खोल्या तिथे करा, लहान वर्गात करा. मोठी खोली अखंड राहू द्या. थंडीसाठी जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाकता येतात.

चुनखडी

म्हणजे जुनी लाकडी जमीन उखडायची! ओळीने झिजलेल्या त्या फळ्या गेल्या की गेल्या. माळा उद्या उतरवता येतो. तुमचा उपाय माझ्या माळ्यापेक्षा जास्त तोडफोडीचा आहे, साहेब.

तिसरी घंटा

दोघेही माळ्यावरच चढून बसलात. भिंतींचं बोला. चुन्यातली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते. मग नवीन रंगाला पोपडे, आणि खापर जुन्या बांधकामावर.

अवांतर: घेण्याआधी कागद नीट बघा. १८४१ च्या शाळा-जागा कायद्याखाली दिलेल्या जमिनीवर शाळा भरणं थांबलं की ती मूळ देणाऱ्याच्या वारसांकडे परत जायची. १९८७ च्या कायद्याने हे आपोआप परत जाणं थांबलं, पण वारसांचा हक्क विश्वस्तांमार्फत राहिला.

उंबरा

मी अशा घरात राहते, आणि माळा आहे. आधी दोन वर्षं नव्हता. खोली इतकी घुमायची की खाली चमचा पडला तरी कोपऱ्यात कुणी काहीतरी फोडल्यासारखं वाटायचं. फोनवर बोलायला आम्ही अंगणात जायचो.

मग अर्ध्याच लांबीचा माळा घातला, खिडक्यांपासून चार फूट मागे. वर कैचीची आडवी तुळई नेमकी कपाळाच्या उंचीवर आहे. पाहुण्यांना आधीच सांगते, तरी आपटतात.

चुनखडी

माळ्याच्या तुळया भिंतीत घातल्यात की वेगळा आधार?

उंबरा

स्वतःच्या खांबांवर. जुन्या भिंतीत एक खिळासुद्धा नाही.

कमानदार

चार फूट मागे असेल तर मला बघायचंय. फोटो टाका. रात्रीचा, दिवे लावून, बाहेरून.