जुन्या गेमच्या कॅसेटची कॉपी काढून गॅदरिंगला स्टॉल लावला तर चालेल का?

पंचवटीकर:
नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला जुन्या टीव्ही गेमचा स्टॉल लावायचाय, तिकीट २० रुपये. आठ कॅसेट आहेत. एक अस्सल जपानी मारिओ, बाकी '९९९९ इन १' छापाच्या. पिना काळ्या पडल्यात, म्हणून आतला गेम लॅपटॉपवर उतरवून एम्युलेटरवर (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवायचा विचार आहे. २० वर्षांपेक्षा जुना गेम फुकट असतो म्हणतात, खरं का?

गोदाकाठ:
नाही. २० वर्षं पेटंटची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मारिओ १९८५ चा, तेव्हा हा प्रश्न तुमच्या नातवंडांनी विचारावा. कंपनीने विकणं थांबवलं तरी हक्क तिचाच राहतो. 'अबँडनवेअर' (कंपनीने वाऱ्यावर सोडलेला गेम) हा शब्द कायद्यात कुठेच नाही.

कलम ५२(१) मात्र तुमच्या बाजूचं आहे. त्यातल्या 'एए' उपकलमाप्रमाणे कायदेशीर प्रत बाळगणारा ती खराब होईल म्हणून बॅकअप काढू शकतो. 'एडी'प्रमाणे स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी कॉपी करू शकतो. मेख 'कायदेशीर प्रत' या दोन शब्दांत आहे. नव्वदीत आपल्याकडे गल्लोगल्ली विकल्या गेलेल्या '९९९९ इन १' मुळातच चोरीच्या. पैसे मोजून घेतल्या म्हणून त्या कायदेशीर होत नाहीत. सात कॅसेट इथेच बाद.

कल्हईवाला:
त्या सात तशाही नीट उतरणार नाहीत. आत चिपऐवजी काळ्या डांबरासारखा गोळा असतो आणि गेम बदलायची सर्किट ज्याची त्याची वेगळी, त्यामुळे रीडरला (कॅसेटमधला गेम लॅपटॉपवर उतरवणारं यंत्र) बहुतेक वेळा मेन्यू किंवा पहिला गेमच दिसतो. आणि ९९९९ कसले, तेच पाच-दहा गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू केलेले!

मारिओचं सांगतो. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. रीडर ६० चा घ्या, नाहीतर अ‍ॅडॅप्टर लागेल. पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा (एमजी रोडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळेल) आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलीने पिना आणखी गंजतात. मग दोनदा उतरवा आणि दोन्ही फाइलींचा एसएचए-१ (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) ताडून बघा. जुळला नाही तर पिना अजून घाण आहेत.

३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं, मिळून ४०,९६० बाइट. वर एम्युलेटरसाठी जोडलेलं १६ बाइटचं हेडर, म्हणून फाइल ४०,९७६ ची हवी. नेटवरच्या यादीशी चेकसम (म्हणजे तोच ठशाचा आकडा) जुळवताना हेडर काढून जुळवा, सगळे इथेच अडकतात.

पंचवटीकर:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा तीच फाइल नेटवरून घेतली तर? बाइट न् बाइट सारखीच ना.

गोदाकाठ:
बाइट सारखे, पण 'एडी'ला कॉपी स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून काढलेली लागते. साइटवाल्याला वाटायचा हक्कच नव्हता. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर कलम ६३बी: ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५०,००० ते २ लाख दंड. कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५०,००० पर्यंत दंडावर सोडू शकतं.

कुठेच विकत न मिळणारा गेम कोणी घरी खेळला तर मी तरी त्याला चोर म्हणणार नाही. पण मारिओ हा गेम निन्टेन्डो ही त्याची कंपनी आजही आपल्या सबस्क्रिप्शनमध्ये देते, आणि तुम्ही त्यावर तिकीट लावताय.

पंचवटीकर:
तिकीट काढून टाकलं तर?

गोदाकाठ:
तरी गॅदरिंगची गर्दी म्हणजे 'स्वतःचा वापर' नव्हे. लोकांसमोर सादर करण्याचा हक्क वेगळा असतो.

कल्हईवाला:
स्टॉलला फ्रीडूम हा गेम लावा. डूम या जुन्या बंदुकीच्या गेमचा सोर्स कोड १९९७ साली खुला झाला, १९९९ साली जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली आला. पण लेव्हल आणि चित्रं अजून कंपनीचीच, ती घेऊ नका. फ्रीडूमवाल्यांनी ती सगळी नव्याने बनवून मोकळ्या परवान्यावर दिलीत, तिकीट लावलं तरी चालतं. बिनीथ अ स्टील स्काय २००३ पासून फुकट आहे आणि स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर छान चालतो, पण तो कोडी सोडवण्याचा गेम. रांगेतल्या पोरांना पाच मिनिटांत काय कळणार!

मारिओची कॅसेट काचेखाली ठेवा. बघायला परवाना लागत नाही.