पंतप्रधान : यातला 'पंत' कोण?

लेकीने हिंदीच्या पेपरात निबंधात 'देश के पंतप्रधान' असं लिहिलं, बाईंनी लाल गोल करून वर प्रधानमंत्री लिहून दिलं. हिंदीपुरतं बाईंचं बरोबरच आहे, पण घरी येऊन ती विचारते, बाबा मग आपणच पंतप्रधान का म्हणतो आणि हे पंत कोण? मला धड सांगता आलं नाही, पेशव्यांच्या वेळचा शब्द असेल एवढंच बोललो. जाणकारांनी सांगा. दोन्ही शब्द एकच ना? आणि पंत हे पुरुषाच्या नावामागे लागतं, मग बाईला कसं चालतं?

प्रतिसाद

पेशव्यांच्या वेळचा हे खरंय पण त्याच्याही मागे जावं लागेल. १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांची फारसी नावं बदलून संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती आणि पेशव्याचा मुख्य प्रधान, त्या जागेवर तेव्हा मोरोपंत पिंगळे होते. रघुनाथपंत हणमंत्यांकडून महाराजांनी राजव्यवहारकोश (कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा कोश) करून घेतला तो याच खटपटीतला. आणि लेकीला हे आवर्जून सांगा, की त्या आठांत 'मंत्री' नावाची वेगळीच जागा होती! म्हणजे आधीचा वाकनीस, महाराजांची रोजची हकिकत लिहून ठेवायची, आमंत्रणं, खासगीकडची व्यवस्था बघायची हे त्याचं काम. थोडक्यात प्रधान हे सगळ्या आठांचं नाव आणि मंत्री त्यातला फक्त एक. आज बरोबर उलटं झालंय, सगळे मंत्री आणि प्रधान एकच.

प्रतिसाद

पेशवा शब्द फारसी, पेश म्हणजे पुढे, जो पुढे असतो तो पेशवा. निजामशाहीत मलिक अंबर पेशवाच होता. महाराजांनी नाव बदललं तरी लोकांच्या तोंडातून पेशवा काही गेला नाही, पण शिक्क्यावर बघा, तिथे 'बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान' असंच आहे, आणि त्याच्या आधी नाव शाहू महाराजांचं. स्वतःला पेशवा म्हणवून शिक्का नाही उठवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण अधिकार कुणाकडून आलाय ते त्या एका ओळीतच कळतं. पुढे १७४९ ला शाहू महाराज गेल्यावर सत्ता पुण्यात गेली, तरी नाव प्रधान हेच राहिलं.

प्रतिसाद

पंतबद्दल. पंत म्हणजे पंडित, तेच झिजून पंत झालं असं मानतात आणि त्याला चांगला पुरावा आहे. १८०२ चा पेशवे आणि इंग्रजांमधला वसईचा तह इंग्रजीत वाचा, दुसऱ्या बाजीरावाच्या नावापुढे 'राव पंडित परधान बहादर' असं लिहिलंय. म्हणजे पंडित प्रधान आणि पंतप्रधान एकच. तेव्हा पंतांचा प्रधान असा विग्रह करू नका, पंत हा नुसता मान आहे. आणि हा शब्द एकटा नाही हो, याची भावंडं आहेत, औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य. ती संस्थानं गेली तसे ते शब्द इतिहासाच्या पुस्तकात गेले, एकटा पंतप्रधान तेवढा रोजच्या पेपरात राहिला.

प्रतिसाद

माझं माहेर सुरतचं म्हणून सांगते, गुजरातीत वडाप्रधान म्हणतात, आणि 'मुख्य प्रधान' म्हणजे तिकडे मुख्यमंत्री! शिक्क्यावरचा मुख्य प्रधान वाचून मला तेच आठवलं.

प्रतिसाद

ताई, आणि यात आणखी एक गुंता आहे. १९३५ च्या कायद्याप्रमाणे १९३७ ला प्रांतांत सरकारं आली तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही इंग्रजीत प्राइम मिनिस्टरच म्हणायचे, मुंबई प्रांतात आधी काही महिने धनजीशा कूपर होते आणि मग बाळासाहेब खेर. १९५० ला राज्यघटना लागू झाल्यावर राज्याला मुख्यमंत्री आणि देशाला पंतप्रधान असं स्पष्ट झालं, तरी जम्मू-काश्मीरमध्ये १९६५ पर्यंत वेगळा पंतप्रधान होताच. त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना साल बघितल्याशिवाय अर्थ लावू नये. इंग्लंडात तर वॉलपोल, ज्याला तिथला पहिला पंतप्रधान मानतात, १७२१ ला आला (बाजीराव पेशवे झाले १७२० ला, म्हणजे एकाच वेळचे दोघं), तिथे प्राइम मिनिस्टर ही तेव्हा शिवी होती, राजाच्या जिवावर एकट्याने सगळं बळकावलंय अशा अर्थी, आणि १७४१ ला त्याने पार्लमेंटमध्ये मी तसा नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडे मात्र हा शब्द पहिल्यापासून मानाचा.

प्रतिसाद

बाईचं राहिलं. जानेवारी १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी शपथ घेतली तेव्हापासून 'पंतप्रधान म्हणाल्या' असं आपण सर्रास लिहितो, क्रियापद बदलतं, पद तेच राहतं. इथे पंत हे कुणाच्या नावाला लागलेलं नाही, पदाच्या नावातच मुरलंय, म्हणून कानाला खटकत नाही. १९७९ ला यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले तेव्हाही शब्दाला नुसता उप लागला. योजनांच्या नावात प्रधानमंत्री येतं ते हिंदीतून तसंच उचललेलं, तिथे ठेवा हवं तर, पण बोलताना मराठी माणसाने पंतप्रधानच म्हणावं, साडेतीनशे वर्षांचा आपला शब्द आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं, वाकनीस तिला फार आवडला. आता विचारतेय की डबीर आडनावाचा मुलगा वर्गात आहे तो सुमंत का?