मूलपेशी, मूळपेशी की स्तंभपेशी?

प्रश्न (चंद्रपूर जिल्हा): आमच्याकडे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्ण बरेच. परवा शिबिरात एका बाईला पत्रक वाचून दाखवत होते, ‘अस्थिमज्जेतील मूलपेशींचे प्रत्यारोपण’. तिनं कडेवरचं लेकरू घट्ट धरलं. “कोणाच्या पोट्ट्याच्या काढता जी?” मागून एकजण म्हणे, “अवं, मूलच्या दवाखान्यात भेटत असंन.” (मूल हा आमच्याच जिल्ह्यातला तालुका.) तेव्हा हसलो, पण आता पत्रक नव्यानं छापायचंय. इंग्रजी ‘स्टेम सेल’ला (जिच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात ती) ‘स्तंभपेशी’ हाही शब्द वाचलाय. कोणता घेऊ?

उत्तर १: स्तंभपेशी नको. खांबाला पालवी फुटत नाही. जर्मन ‘श्टामत्सेले’ हा शब्द जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८६८ मध्ये वापरला, त्यातलं ‘श्टाम’ म्हणजे वंशवृक्षाचं खोड. ज्याच्यापासून सगळा विस्तार झाला तो. आपल्याकडे वंशावळीत त्याला मूळपुरुष म्हणतातच! म्हणून मूळपेशी, ळ ठसठशीत. संस्कृतात ‘मूल’ असेल, मराठी कानाला मूल म्हणजे लेकरू. (मूळव्याधही त्याच घरातला, पण उदाहरणाला तो घेऊ नका.)

उत्तर २ (यवतमाळ): फुटवापेशी म्हणा ना. तुरीचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, हे आमच्या माणसाले शिकवा लागत नाही.

उत्तर १: समजावताना जरूर सांगा. पण फुटवा म्हणजे जो निघाला तो. आपल्याला नाव हवंय ते जिथून निघतो त्याला.

प्रश्नकर्ती: मूळपेशी पक्का. पण बाईनं ‘कोणाच्या’ विचारलं ते डोक्यातून जात नाही.

उत्तर १: जगभरचा वाद त्याच ‘कोणाच्या’वर आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या केल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेले, जोडप्यांनी दिलेले भ्रूण. पाच-सहा दिवसांचा, टिंबाएवढा गोळा. आतल्या पेशी काढल्या की तो संपतो. आता मराठीची पंचाईत बघा. ह्या टिंबालाही भ्रूण आणि सोनोग्राफीत हात हलवणाऱ्या जिवालाही भ्रूणच. त्यात आपल्याकडे तो शब्द स्त्रीभ्रूणहत्येला चिकटलेला, उच्चारला की निकाल आधी लागतो, वाद नंतर. मी तरी दरवेळी ‘पाच दिवसांचा भ्रूण’ असं वय लावून लिहितो. जीव पहिल्या क्षणापासून मानणाऱ्याचं समाधान त्यानं होणार नाही, पण भांडण निदान एकाच गोष्टीवर होईल. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना पुन्हा मूळपेशींसारखं केलं, २०१२ चं नोबेल त्यासाठीच. तेव्हापासून भ्रूणाची गरज कमी झाली.

तुमच्या पत्रकात मात्र भ्रूणाचा संबंधच नाही. तिथं मज्जा सहसा सख्ख्या भावंडाची, आणि एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

उत्तर ३: नाळेचं पण लिहा. नाळेतलं रक्त ‘बँकेत ठेवा’ म्हणून एजंट येतो. ‘ठेव’ म्हटलं की माणूस भुलतो, आम्हीही भुललो. सिकलवाल्या लेकराच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींत तोच दोष असतो, हे नंतर कळलं.

प्रश्नकर्ती: लिहिलं. आता ओळ अशी आहे : ‘भावाबहिणीच्या हाडाच्या आतल्या मूळपेशी’. त्याच बाईला वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणे, “मोठीच्या चालतीन काय?”