मदत हवी आहे : शाळेचा बंद पडलेला बँड १५ ऑगस्टला उभा करायचा आहे, आणि त्याच मुलांकडून वनराई बंधारा

आर्णीकडचे सर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातली खेड्यातली शाळा, आठवी ते दहावी. जुन्या कपाटातून निघालेली वाद्यं अशी: बिगुल ६, साईड ड्रम ३ (चामड्याचे), मोठा ड्रम १, झांजेची एक जोडी, ट्रँगल २. मुलं-मुली मिळून २२. संगीत शिक्षक नाही, खर्चाला शाळेकडे फार पैसे नाहीत. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या शेवटी, म्हणजे हाती जेमतेम सहा आठवडे. बिगुलांना आतून हिरवा गंज आहे. ड्रम नुसते भद्द वाजतात. सुरुवात कुठून करावी? मुलांना बिगुलावर राष्ट्रगीत वाजवायची फार हौस आहे, ते बसेल का? दुसरं, याच चमूकडून पावसाळा संपला की गावच्या नाल्यावर वनराई बंधारा (माती-वाळूने भरलेली पोती रचून केलेला कच्चा बांध) करून घ्यायचा आहे. पोती किती लागतील, मुलांना कितपत काम द्यावं, तेही सांगा जी.

ढोलताशा

सर, आधी ड्रम. बिगुल नसले तरी संचलन होतं, ठोका नसला तर होत नाही.

चामड्याचा ड्रम पावसाळ्यात भद्द वाजणारच. चामडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं, ऑगस्टमध्ये तर हमखास. परवडत असेल तर निदान तीन साईड ड्रमची वरची पानं (काडी पडते ते पडदे) प्लास्टिकची करून घ्या, त्यांना ओलीने फरक पडत नाही. दुकानात जाण्याआधी ड्रमच्या खोडाचा, म्हणजे गोल सांगाड्याचा, बाहेरचा व्यास दोन दिशांनी मोजा. साधारण १४ इंच असतो, पण जुनी खोडं लंबगोल झालेली असतात आणि नवं पान बसत नाही. खोड नेता आलं तर सोबतच न्या.

पान ताणताना स्क्रू ओळीने पिळू नका. एक पिळला की त्याच्या समोरचा, प्रत्येक वेळी अर्धा फेरा. ओळीने पिळलं की रिंग तिरकी बसते आणि पान एका बाजूला सुरकुततं. मग प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून दोन बोटं आत, काडीने हलकं टिचकवून ऐका. सगळीकडे एकच आवाज यायला हवा.

खालच्या पानाला चिकटलेली तारांची जाळी पाहा. एखादी तार वाकली असेल तर ती सतत खरखरते, कात्रीने तेवढीच कापून टाका.

चामडंच ठेवणार असाल तर एक पथ्य कडक पाळा: वाजवून झालं की ताण उतरवायचा. पावसाळ्यात कसून ताणलेलं पान तसंच राहिलं, तर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात आकसून आपोआप फाटतं.

पितळी

बिगुलांचं माझ्याकडून. हिरवा गंज पोटात जाण्यासारखा नाही, साफ केल्याशिवाय एकाही मुलाच्या तोंडाला लावू देऊ नका. तोंडणी, म्हणजे ओठ लावून फुंकायचा तुकडा, वेगळी काढा. अडकली असेल तर सांध्यावर दोन थेंब तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी काडीने भोवतीने टकटक करा. पकड लावली की नळी पिरगळते आणि बिगुल कायमचा जातो. आत भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवा, मग नळाच्या धारेखाली दोन्ही बाजूंनी धुवा. वळणातून तार किंवा चिंधी घालू नका, चिंधी आतच राहते. बाहेरून चिंच चालेल. तोंडणीवरचा मुलामा उडून पितळ उघडं पडलं असेल तर तोंडणी नवीनच घ्या, ती स्वस्तात मिळते. तोंडणी ज्याची त्याची वेगळी; एकच सहा जणांत फिरवायची नाही.

मग सहाही बिगुल एकेकावर एकच सूर धरून ऐका. वेगवेगळ्या पट्टीचे निघाले तर जुळणारे तेवढेच ठेवा. चार जुळणारे बिगुल सहा न जुळणाऱ्यांपेक्षा कितीतरी बरे.

राष्ट्रगीत बिगुलावर बसणार नाही. बिगुलाला कळा नसतात, नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे त्यातून निघतात सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे आणि म नाहीतच, आणि ते राष्ट्रगीतात लागतात. मुलांना सरगम लिहून दाखवा, त्यांना लगेच पटेल. बिगुलाला सलामीची धून द्या, ती याच सुरांत बांधलेली असते. राष्ट्रगीत सगळ्यांनी पेटीवर गावं, पूर्ण गीत सुमारे ५२ सेकंदांचं.

आर्णीकडचे सर

फार उपयोगी. मग राष्ट्रगीताच्या वेळी बँडने नुसतं उभं राहायचं का? आणि सहा आठवड्यांची आखणी कशी करावी?

कदमताल

नुसतं उभं का? ड्रमचा रोल द्या, म्हणजे दोन काड्यांचा सलग कडकडाट. बँड राष्ट्रगीत वाजवतो तेव्हा त्याआधी संथ चालीच्या सात पावलांएवढा रोल असावा, असं केंद्र सरकारच्या नियमांत आहे. हळू सुरू, मग चढत जाऊन मोठा, पुन्हा उतरत हळू, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येणारा. त्यानंतर एक ठोका शांतता आणि मग सुरुवात. तुमच्याकडे गाताना हाच रोल दिला तर सगळं गाव एका क्षणी सुरू होतं. रोलला दोन काड्यांची सारखी ताकद लागते, म्हणून तो पहिल्या दिवसापासून रोज पाच मिनिटं घ्या. जुन्या टायरच्या तुकड्यावर घेतला तरी चालतो.

आखणी: पहिले दोन आठवडे ड्रमवाल्यांना काड्या आणि टायर, बाकीच्यांना कदमताल. बिगुलवाल्यांनी या काळात फक्त ओठ थरथरवून एक लांब सूर धरायचा, एका वेळी दहा मिनिटं, मग विश्रांती. जास्त घेतलं की ओठ सुजतात आणि पुढचे दोन दिवस सूरच निघत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून वाद्यं हातात. मोबाईलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप) मिनिटाला १०० वर ठेवा, सहाव्या आठवड्यात १२०. तेज चलचं माप मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंच. नववीच्या मुलांना ३० इंच ओढून-ताणून होतं, २४ इंच ठेवा आणि मैदानात फक्कीने रेषा मारा. मोठ्या ड्रमचा जोरदार ठोका कायम डाव्या पायावर. हे चुकलं की अख्खी रांग पाय बदलते.

प्रभातफेरीत बँड सगळ्यात पुढे नको, मध्ये ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागच्या रांगेला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो, म्हणजे पावलाचा पाचवा हिस्सा. मागची पोरं बेशिस्त नसतात, त्यांना ठोकाच उशिरा मिळतो.

नाल्याकाठी

बंधाऱ्याचं सांगतो. ५ मीटर रुंद नाला, १ मीटर उंची, तळाशी २ मीटर आणि माथ्यावर १ मीटर जाडी धरली तर भराव साडेसात घनमीटर. पोत्यांच्या दोन भिंती आणि मध्ये माती अशी रचना, त्यातला तिसरा हिस्सा मधल्या मातीचा. पोती अर्धीच भरायची, साधारण २५ किलो. अशी ३०० लागतील. दोन तृतीयांश भरलं तर वजन ३३ किलोवर जातं, ते मुलांनी उचलायचं नाही. अर्धं पोतंही दोघांनी मिळून.

घरकुलाच्या कामांवर सिमेंटची रिकामी पोती मिळतात. आधी झटकून धुवा, उरलेल्या सिमेंटने हात फाटतात. तोंडं सुतळी-दाभणाने शिवा. जागा अरुंद, दोन्ही काठ घट्ट. तळातली गाळ-वाळू काढून पक्क्या थरावर पहिला थर. वाळूवरच रचलं की पाणी खालून निघून जातं, आणि अडतं काहीच नाही. सांधे विटांसारखे चुकवत रचा, दोन भिंतींच्या मध्ये चोपलेली माती. दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर घुसवा, कारण काळी माती भेगाळते आणि पाणी कडेने वाट काढतं. माथा मधोमध एक थर कमी ठेवा म्हणजे जादा पाणी तिथूनच जाईल.

ग्रामपंचायतीचं पत्र आणि दोन्ही बाजूंच्या वावरवाल्यांची संमती घ्या. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) जागा दाखवा. पायात बूट, हातात मोजे. दगड हाताने नाही, टिकासाने उलटायचे, खाली विंचू असतात. शेजारच्या पराटीवर (कपाशीवर) त्या दिवशी फवारणी नसावी.

आर्णीकडचे सर

ऑक्टोबरात सोयाबीन काढणी असते, निम्मी मुलं वावरात असतात. दिवाळीनंतर केलं तर?

नाल्याकाठी

तोवर बऱ्याच नाल्यांची धार तुटते. धार बारीक झाली पण वाहते आहे, तेव्हाच अडवायचं. म्हणून पोती सप्टेंबरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर भरून, शिवून सावलीत रचून ठेवा, उन्हात त्यांचा धागा कुजतो. मग काढणीच्या मधल्या एका रविवारी पालकांना बोलावून फक्त रचायचं काम उरतं. मे महिन्यात फाटकी पोती गोळा करायला विसरू नका, नाहीतर पहिल्या पुरात ती खालच्या वावरांत जातात.