एनिड ब्लायटन: बाईचं चरित्र कळलं, आता पुस्तकांचं काय करायचं?

खारी बिस्कीट (धागाकर्ती)

माझं मत आधी सांगून टाकते, मग भांडा. एनिड ब्लायटन या इंग्रज बालसाहित्यिकेची पुस्तकं मुलांना द्यावीत, जशीच्या तशी द्यावीत. ती आई म्हणून कशी होती याचा त्या पुस्तकांशी काडीचा संबंध नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे नऊ वर्षांच्या भाचीसाठी तिच्या 'फेमस फाइव्ह' या साहसकथामालेचे काही भाग घेणार म्हटल्यावर घरच्या ग्रुपवर लेखिकेच्या आयुष्याचा पंचनामाच सुरू झाला. नवऱ्याशी कशी वागली, मुलींशी कशी वागली, वगैरे. पुस्तक उघडून बघायची तसदी मात्र एकानंही घेतली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1897, लंडनचं ईस्ट डलिच. वडिलांवर तिचा फार जीव, आणि ती तेरा वर्षांच्या आसपास होती तेव्हा तेच दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले. आईनं शेजारपाजाऱ्यांना सांगायला लावलं की ते बाहेरगावी गेलेत. पुढे तिनं खेळातून शिकवायच्या फ्रोबेल पद्धतीच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. 1922 मध्ये पहिलं पुस्तक आलं, तेही कवितांचं. मग टाइपरायटर मांडीवर घेऊन दिवसाला सहा ते दहा हजार शब्द! आयुष्यभरात सातशेच्या आसपास पुस्तकं. इतकं एकटी कशी लिहील, पदरी लेखक ठेवले असणार, अशी आवई उठली होती. 1955 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका ग्रंथपालबाईंनी ती बोलून दाखवली, तेव्हा हिनं कायदेशीर कारवाई करून जाहीर माफी मागायला लावली. मला बाई आवडते ती इथेच.

---

चष्मिष्ट

काडीचाही संबंध नाही? मग पुस्तकांच्या मलपृष्ठावर, मासिकांत, फोटोंत ती स्वतःला "मुलांची लाडकी, प्रेमळ आई" म्हणून का विकत होती? बीकन्सफील्डचं 'ग्रीन हेजेस' हे घर, बाग, कुत्रा, दोन मुली, हे सगळं तिच्या लेखनाच्या जाहिरातीचाच भाग होतं.

आणि त्या घरात काय चाललं होतं? पहिला नवरा ह्यू पोलॉक, प्रकाशनसंस्थेत संपादक. तिच्या कारकिर्दीची घडी त्यानंच बसवून दिली. 1942 मध्ये घटस्फोट झाला. प्रकरणं दोघांचीही होती, पण दोष ह्यूनं आपल्या अंगावर घ्यायचा आणि बदल्यात त्याला मुलींना भेटता येईल, असं ठरलं. त्यानं दोष घेतला. तिनं भेटू दिलं नाही. पुढच्याच वर्षी सर्जन डॅरल वॉटर्सशी लग्न केलं आणि मुलींची आडनावंही बदलली.

धाकटी इमोजेन. तिनं 1989 मध्ये आठवणी लिहिल्या. आईमध्ये मातृत्वाची भावना औषधालाही नव्हती, असं स्वच्छ लिहिलंय. आणि मजा बघा, वडिलांनी टाकल्याचा घाव जिनं स्वतः सोसला, तिनंच आपल्या पोरींचा बाप तोडला.

---

आडवाट

चष्मिष्ट, थोरलीचंही सांगा की. जिलियनला तीच आई प्रेमळ, न्यायी आणि भुरळ घालणारी सोबतीण वाटत होती. घर एक, आई एक, मुलींच्या वयात चार वर्षांचं अंतर. तुम्ही धाकटीची साक्ष घेतली आणि थोरलीला कोर्टाबाहेर बसवलं.

शिवाय एक विचारतो. पुरुष बालसाहित्यिक घरी मुलांना किती वेळ देत होता, असा धागा इथे कधी कुणी काढलाय का? तो दार लावून लिहीत बसला तर "साधना", बाई बसली तर "मुलांकडे दुर्लक्ष". 2009 मध्ये बीबीसीनं तिच्यावर हेलेना बोनहॅम कार्टर या अभिनेत्रीला घेऊन चित्रपट केला, त्यातही सगळा भर वाईट आई, वाईट बायको यावर. ज्या बीबीसीनं हयातीत तिचं लेखन दर्जाहीन ठरवून वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं, तिनंच हे करावं!

---

तळ्यात मळ्यात

तुम्ही दोघं घरगुती भांडणात अडकलाय. आई चांगली की वाईट हा तिच्या मुलींचा प्रश्न. माझा आक्षेप छापील पानावर आहे आणि ते पान मी वाचलंय.

'द लिटिल ब्लॅक डॉल' ही गोष्ट घ्या. काळ्या तोंडाची बाहुली, म्हणून मालकिणीला आवडत नाही, बाकीची खेळणीही तिला जवळ करत नाहीत. शेवटी पावसात काळा रंग धुऊन जातो, चेहरा गुलाबी होतो आणि मग सगळे प्रेम करायला लागतात. सुखान्त! आता ही गोष्ट आपल्या सावळ्या पोरीला झोपताना वाचून दाखवा बरं. उटणी, फेअरनेस क्रीमं आणि "गोरी गोमटी वधू पाहिजे"च्या जाहिराती असलेल्या घरात.

"तेव्हा काळच तसा होता" हे उत्तर येणार, म्हणून आधीच लिहितो. 1960 मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेनं तिची एक रहस्यकथा नाकारली, कारण चोर परदेशी आणि तो परदेशी आहे एवढ्यावरच त्याच्या चोरपणाचा खुलासा झाल्यासारखं लेखन. वरच्या बाहुलीच्या गोष्टीवर 1966 मध्ये 'गार्डियन' या वृत्तपत्रात टीका झाली. दोन्ही गोष्टी ती हयात असताना घडल्यात. त्या काळातल्या लोकांनाही खटकत होतंच.

---

खारी बिस्कीट

बाहुलीची गोष्ट वाईट आहे, देऊ नका. त्यासाठी सातशे पुस्तकं कशाला फासावर? आणि "दुरुस्त करून छापा" हा उपाय करून झालाय. 2010 मध्ये होडर या प्रकाशनसंस्थेनं 'फेमस फाइव्ह'ची भाषा आजची केली, 'मदर-फादर'चे 'मम अँड डॅड' झाले. वाचकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. 2016 मध्ये प्रकाशक मुकाट्यानं जुन्या भाषेकडे परतले.

---

अर्धी सुट्टी

माझं दुखणं वेगळंच आहे. वंशवाद, मातृत्व सगळं बाजूला ठेवा. बाई लिहायची सपक. तेच बेट, तेच भुयार, तेच तस्कर आणि दर वीस पानांनी सँडविच नि जिंजर बिअर (आल्याचं पेय). 'फाइव्ह'चे एकवीस भाग आणि 'सीक्रेट सेव्हन' या तिच्या दुसऱ्या मालेचे पंधरा वाचून झाल्यावर मुलाच्या हाती उरतं काय? 'फाइव्ह'मधली ॲन मात्र इमानेइतबारे भांडी घासत असते.

त्यापेक्षा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा काटकुळा बनेश, सायकलवर टांग मारून सुटणारा. त्यातल्या गल्ल्या मुलांना पायाखाली दिसतात. पण तो मराठीत आहे ना, मग स्टेटस कसं वाढणार!

---

दुपारची एसटी

अर्धी सुट्टी, स्टेटसचं सोडा. मी तालुक्याच्या गावी मुलांना इंग्रजी शिकवतो. ज्यांच्या घरात इंग्रजीचा कागद म्हणजे लाइट बिल, अशी ही मुलं. त्यांना "साहित्यमूल्य" असलेलं पुस्तक दिलं की तिसऱ्या पानावर मिटतं. ब्लायटनचं पुस्तक शेवटपर्यंत जातं. वाक्यं छोटी, शब्द तेच तेच आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी कुठेतरी अडकलेलं. ज्याला तुम्ही सपक म्हणता ना, त्याच गोष्टीमुळे सातवीतला मुलगा आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं इंग्रजी पुस्तक संपवतो. जिंजर बिअर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं, पण तो थांबत नाही. भुयारात पुढे काय झालं हे त्याला हवं असतं.

फास्टर फेणेही वाचतात हो. पहिलं वाचलं म्हणून दुसरं सुटतं असं नाही.

---

चष्मिष्ट

एसटीवाल्या सरांचा मुद्दा सगळ्यात वजनदार, हे मान्य. तरी आडवाट यांना उत्तर देणं आहे. बाईला वेगळा न्याय लावू नये, कबूल. पण तिच्या वाचकक्लबांतली मुलं प्राण्यांच्या दवाखान्यासाठी, अंध मुलांसाठी पैसे गोळा करत होती, आलेल्या पत्रांना ती स्वतः उत्तरं लिहीत होती. परक्या मुलांसाठी एवढा वेळ होता. म्हणून घरातली उपेक्षा जास्त टोचते. वेळ नव्हता असं नाही, द्यायचा नव्हता.

---

तळ्यात मळ्यात

खारी बिस्कीट, "जशीच्या तशी" म्हणताय तर आवृत्ती कुठली घेताय तेवढं सांगा. नॉडी हा तिचा चिमुकल्यांसाठीचा खेळण्यातला नायक; 1951 च्या 'नॉडी'त अंधाऱ्या रानात त्याला लुटणारे होते गॉलीवॉग, म्हणजे काळ्या चेहऱ्याच्या, राठ केसांच्या बाहुल्या. पुढच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी गॉब्लिन, म्हणजे परीकथेतली खट्याळ भुतं, आले. आज दुकानातून नवं पुस्तक घेतलंत तर दुरुस्त केलेलं येईल. फोर्टच्या फुटपाथवरून घेतलंत तर जुनं मिळू शकेल. गॉलीवॉग गेले म्हणून 'नॉडी' खपायचा थांबला नाही. म्हणजे बदल चालतात की. फक्त 'मम-डॅड'सारखे फुकाचे बदल चालत नाहीत.

---

खारी बिस्कीट

'नॉडी'चा बदल मला चालतो, कारण तिथे चार वर्षांचं मूल प्रश्न विचारू शकत नाही. नऊ वर्षांचं विचारतं. 'फाइव्ह'मधले परदेशी लोक आणि भटके दर वेळी संशयित का, भांडी ॲनच का घासते, जॉर्ज या मुलीला मुलगा का व्हायचंय, हे भाची विचारेल आणि विचारावंच. म्हणून मूळच्या भाषेतली प्रतच घेतेय. एकवीसपैकी पहिले तीन भाग आणि त्यांच्यासोबत 'फास्टर फेणे'चे दोन. घरच्या ग्रुपला अजून सांगितलेलं नाही.